मधली पंधरा मिनिटं

एका पारदर्शक नळीच्या आत तांब्याची बारीक जाळी बसवलेली आहे. त्या नळीत शंभरेक फळमाश्या सोडल्या आहेत. खोलीत मंद लाल उजेड आहे. माश्यांना लाल रंग जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे त्यांच्यापुरता तो अंधारच. नळीतून हवा खेळते आहे आणि त्या हवेत ऑक्टॅनॉल नावाच्या रसायनाचा वास मिसळला आहे. वास सुरू असतानाच जाळीतून विजेचे छोटे झटके बसू लागतात, मिनिटभरात बारा. मग वास थांबतो, साधी हवा येते. थोड्या वेळाने दुसराच वास येतो, मेथिलसायक्लोहेक्सॅनॉलचा. तोही मिनिटभर, पण या वेळी झटका नाही. झाली एक शिकवणी.

परीक्षाही तितकीच सोपी. माश्यांना दोन नळ्यांच्या मधोमध आणून सोडतात. एका नळीतून पहिला वास येत असतो, दुसरीतून दुसरा. दोन मिनिटांनी दोन्ही नळ्या बंद करून कुठे किती माश्या गेल्या ते मोजतात. शिकवणी नुकतीच झाली असेल, तर बहुतेक माश्या झटक्याच्या वासाकडे पाठ फिरवतात. टिम टली आणि विल्यम क्विन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९८५ साली हा प्रयोग या रूपात बसवला आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळांत तो थोड्याफार फरकाने असाच केला जातो.

खरी गंमत पुढे आहे. एकाच शिकवणीची आठवण दिवसभरात जवळजवळ विरून जाते. दहा शिकवण्या न थांबता, एकीला लागून एक दिल्या, तर आठवण दुसऱ्या दिवशीही सापडते, पण चार दिवसांत संपते. आता त्याच दहा शिकवण्या, तेच वास, तेच झटके घ्या आणि दर दोन शिकवण्यांमध्ये पंधरा मिनिटं सोडा. ही आठवण आठवडा उलटला तरी शाबूत असते. प्रयोगशाळेतली माशी जेमतेम दोनेक महिने जगते. तिच्या हिशेबात आठवडा म्हणजे आयुष्याचा मोठा तुकडा.

झटके वाढले नाहीत, वास बदलला नाही, वाढली ती फक्त विश्रांती. त्या पंधरा मिनिटांत माशीला कुणी काही शिकवत नाही. तरीही आठवडाभर टिकणारी आठवण घडते ती त्याच वेळात, चेतापेशींच्या केंद्रकात, जनुकांपाशी. ते काम नेमकं काय असतं, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

चिलटांची शाळा

पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांभोवती उडणारी चिलटं आपण हाताने हाकलून देतो. ‘ड्रॉसोफिला मेलानोगास्टर’ ही त्यांच्यातलीच. लांबी दोन-अडीच मिलिमीटर, अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला दहा-बारा दिवस, आणि छोट्या बाटलीत शेकड्यांनी वाढणारी. टॉमस हंट मॉर्गन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिच्याच आधाराने जनुकं गुणसूत्रांवर असतात हे दाखवून दिलं. पण डोळ्यांचा रंग किंवा पंखांचा आकार जनुकांवर ठरतो म्हणून वागणंही जनुकांवर ठरतं का, हा प्रश्न तेव्हा कुणी गंभीरपणे हातात घेतला नव्हता.

तो घेतला सीमोर बेंझर यांनी. मूळचे भौतिकशास्त्रज्ञ, मग विषाणूंच्या जनुकांचे अभ्यासक, आणि १९६०च्या दशकात कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत माश्यांकडे वळलेले. त्यांची रीत सरळ होती. माश्यांना जनुकांत बिघाड करणारं रसायन पाजायचं, त्यांची पिल्लावळ वाढवायची आणि त्यातून वागण्यात एकच काहीतरी बिघडलेल्या माश्या वेचून काढायच्या. जे बिघडलं त्यावरून ते मुळात कशाने चालतं ते कळतं.

१९७४ साली क्विन, विल्यम हॅरिस आणि बेंझर यांनी फळमाश्यांना वास आणि झटका यांची सांगड शिकवता येते हे दाखवलं. दोनच वर्षांनी याच प्रयोगशाळेने पहिली ‘ढ’ माशी सापडल्याचं जाहीर केलं. तिच्या बिघडलेल्या जनुकाला त्यांनी नाव दिलं ‘डन्स’. ही माशी वास घेऊ शकत होती, झटक्याला घाबरत होती, नीट चालत होती. फक्त या दोन गोष्टींचा संबंध तिच्या लक्षात राहत नव्हता. मग ‘रुटाबागा’ हे असंच दुसरं जनुक मिळालं. एका जनुकातल्या बिघाडाने बाकी सगळं शाबूत राहून फक्त आठवण जाऊ शकते, ही त्या काळी पचायला जड जाणारी गोष्ट होती.

याच सुमारास मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, ओबैद सिद्दिकी फळमाशीकडे वळले होते. त्याआधी, १९६२ साली, त्यांनी तिथे रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला होता. पुढे बेंझर यांच्याबरोबर त्यांनी तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या माश्यांवर काम केलं आणि मुंबईत व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांच्यासह वास आणि चव ओळखण्यात बिघाड असलेल्या माश्या शोधल्या. वासाने शिकणारी माशी समजून घ्यायची, तर आधी ती वास कसा घेते ते कळायला हवं. त्या ज्ञानात मोलाची भर कुलाब्याच्या या प्रयोगशाळेतून पडली.

दोन बातम्यांची गाठ

‘डन्स’ आणि ‘रुटाबागा’ यांचा उलगडा झाला, तेव्हा दोन्ही जनुकं एकाच लहान रेणूभोवती फिरताना दिसली. त्या रेणूचं नाव सायक्लिक एएमपी. पेशीच्या बाहेर काही घडलं की ती बातमी आत पोचवणं हे याचं काम. रुटाबागाचं प्रथिन हा रेणू तयार करतं, डन्सचं प्रथिन तो मोडून टाकतं. एका माशीत त्याची निर्मिती अपुरी, दुसरीत तो मोडलाच जात नाही आणि साचतो, आणि दोघींच्याही लक्षात राहत नाही. म्हणजे या रेणूचं नुसतं असणं पुरत नाही, तो वेळेवर वाढला पाहिजे आणि वेळेवर उतरला पाहिजे.

माशीच्या मेंदूत या घडामोडीची मुख्य जागा आहे छत्रीच्या आकाराची एक जोडरचना, ‘मश्रूम बॉडी’. मेंदूच्या प्रत्येक अर्ध्या भागात तिच्या सुमारे दोन हजार पेशी असतात. एखादा वास आला की त्यातल्या थोड्याच पेशी जाग्या होतात, आणि वेगळ्या वासाला वेगळ्या. झटक्याची बातमी आणतात डोपामाइन सोडणाऱ्या चेतापेशी. वासाने जागी झालेली पेशी आणि त्याच वेळी तिच्यावर येऊन पडलेलं डोपामाइन, या दोन्हींची गाठ पडते ती रुटाबागाच्या प्रथिनावर. दोन्ही संकेत एका वेळी आले तर ते जोमाने सायक्लिक एएमपी बनवतं, एकच आला तर फारसं नाही. वास आणि झटका यांचा संबंध माशीच्या शरीरात पहिल्यांदा जुळतो तो इथे.

यानंतर त्या पेशीचे सांधे, म्हणजे पुढच्या पेशीला निरोप देणाऱ्या तिच्या चेतासंधी, काही तासांपुरते बदलतात. आधीच तयार असलेल्या प्रथिनांवर फॉस्फेटचे छोटे गट चढतात आणि निरोपाचा जोर पालटतो. अल्पकालीन स्मृतीला एवढं पुरतं, जनुकांपर्यंत जावं लागत नाही. पण प्रथिनं काही कायम टिकत नाहीत. ती झिजतात, मोडतात, त्यांच्या जागी नवी येतात, आणि नव्यांवर तो बदल नसतो. आठवडाभर टिकायचं असेल तर पेशीला आपली घडणच बदलावी लागते, आणि त्यासाठी केंद्रकातल्या जनुकांकडे जाण्याखेरीज मार्ग नाही.

जनुकं वाचण्याचा आदेश

माशीच्या प्रत्येक पेशीत सुमारे १४ हजार जनुकं आहेत ज्यांच्यावरून प्रथिनं बनतात. डोळ्याच्या पेशीतही तीच, आतड्याच्या पेशीतही तीच, चेतापेशीतही तीच. फरक पडतो तो कुठल्या पेशीत कुठली जनुकं वाचली जातात, किती आणि कधी, यामुळे. यालाच जनुकीय नियमन म्हणतात. जन्माला येताना पेशीला तिची ओळख या नियमनातूनच मिळते. पण पूर्ण वाढलेल्या, आयुष्यभर न विभागणाऱ्या चेतापेशीतसुद्धा, एखादा अनुभव आल्यामुळे काही जनुकं नव्याने वाचायला घेतली जातात, हे कळलं तेव्हा स्मृतीच्या अभ्यासाला वेगळीच दिशा मिळाली.

पहिला पुरावा साधा होता. सायक्लोहेक्सिमाइड हे औषध पेशीत नवी प्रथिनं बनू देत नाही. १९९४ साली टली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते माश्यांना खाऊ घातलं आणि मग शिकवलं. न थांबता दिलेल्या दहा शिकवण्यांची आठवण जशीच्या तशी राहिली. विश्रांती देऊन दिलेल्या शिकवण्यांची दीर्घकाळ टिकणारी आठवण मात्र नाहीशी झाली. दोन्ही आठवणी दुसऱ्या दिवशी सापडतात, पण त्यातली एकच नव्या प्रथिनांवर उभी असते.

नवी प्रथिनं हवीत, तर ती बनवायचा आदेश देणारं कुणीतरी हवं. समुद्री गोगलगायीवर काम करणाऱ्या एरिक कँडेल यांच्या प्रयोगशाळेने आधीच ‘क्रेब’ नावाच्या प्रथिनाकडे बोट दाखवलं होतं. क्रेब डीएनएच्या एका ठरावीक खुणेवर जाऊन बसतं आणि शेजारचं जनुक वाचायला लावतं. सायक्लिक एएमपी वाढला की एक विकर जागं होतं, ते क्रेबवर फॉस्फेट चढवतं आणि क्रेब कामाला लागतं. माशीतही क्रेबचे नातलग आहेत, आणि त्यांचं एक रूप उलट वागतं. ते डीएनएच्या त्याच खुणेवर बसतं, पण जनुक वाचू देत नाही.

जेरी यिन, टली आणि सहकाऱ्यांनी याच रोधक रूपाचा उपयोग केला. त्यांनी माश्यांमध्ये रोधकाची जादा प्रत घातली आणि तिच्यापुढे अशी कळ बसवली, की तापमान वाढवलं तरच ती वाचली जाईल. या माश्या अंड्यातून बाहेर पडून मोठ्या होईपर्यंत अगदी सर्वसाधारण होत्या. मग त्यांना थोडा वेळ ३७ अंश तापमानात ठेवलं, की त्यांच्या पेशींत रोधक भरून गेलं. त्यानंतर शिकवणी. माश्या शिकल्या, अल्पकालीन आठवण पक्की होती, न थांबता दिलेल्या शिकवण्यांची आठवणही होती. गेली ती फक्त दीर्घकालीन स्मृती. न तापवलेल्या त्यांच्या भावंडांची मात्र शाबूत राहिली. कळ वयात आल्यावरच दाबली गेली होती, त्यामुळे मेंदूची वाढच नीट झाली नसेल ही शंका उरली नाही. आठवण घडण्याच्या वेळीच क्रेबची गरज असते हे सिद्ध झालं.

पुढच्या वर्षी त्याच गटाने उलटा निकाल छापला. क्रेबचं सक्रिय रूप वाढवलं तर दहा शिकवण्यांचं काम एकाच शिकवणीत होतं, असा. जगभर त्याचा गाजावाजा झाला. २००४ साली रोनाल्ड डेव्हिस आणि तोमा प्रेआ यांच्यासह काही शास्त्रज्ञांनी तो प्रयोग पुन्हा केला, तेव्हा माशीत घातलेल्या त्या जादा जनुकातच चूक असल्याचं आढळलं, आणि ती दुरुस्त करूनही स्मृती वाढल्याचं दिसलं नाही. रोधकाचा निकाल मात्र पुन्हा तसाच आला. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. क्रेबशिवाय दीर्घकालीन स्मृती होत नाही, हे पक्कं. पण नुसतं क्रेब वाढवलं की स्मृती वाढली, असं सरळ गणित नाही. पेशी याहून जास्त चौकशी करते, आणि ती चौकशी विश्रांतीत चालते.

वाफसा

मुसळधार पाऊस कोसळत राहिला म्हणून शेतकरी पेरणी करत नाही. तो पाऊस थांबायची आणि जमिनीला वाफसा यायची वाट पाहतो. चिखलात टाकलेलं बी कुजतं. चेतापेशीचंही तसंच आहे. शिकवण्या लागोपाठ कोसळत राहिल्या तर पेशीला वाफसा येत नाही.

हा वाफसा रेणूंच्या भाषेत काय असतो, हे २००९ साली कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतल्या मारिओ पगानी, यी झोंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. शिकवणी संपल्यावर, विश्रांतीच्या काळात, पेशीत ईआरके नावाच्या विकराची क्रिया हळूहळू वाढते आणि मग उतरते. दर शिकवणीनंतर अशी एक लाट. पुढची शिकवणी लगेच सुरू झाली तर ही लाट उमटतच नाही. दहा शिकवण्या न थांबता दिल्या तर फक्त शेवटच्या शिकवणीनंतर एकदाच ती येते. विश्रांती दिली तर दर वेळी येते, आणि ईआरकेच पुढे केंद्रकात निरोप पोचवतं.

लाट किती वेळ चालायची, यावर लगाम असतो ‘कॉर्कस्क्रू’ या जनुकाच्या प्रथिनाचा. या जनुकात असा बिघाड केला की प्रथिन गरजेपेक्षा जास्त सक्रिय राहील, तर लाट लांबते आणि पंधरा मिनिटांची विश्रांती अपुरी पडते. अशा माश्यांत दीर्घकालीन स्मृती तयार होत नव्हती. मग प्रयोगकर्त्यांनी औषध वगैरे काही दिलं नाही, फक्त विश्रांती लांबवली. त्या माश्यांची दीर्घकालीन स्मृती परत आली.

माणसातही याच जनुकाचा भाऊबंद आहे, आणि त्यात असाच बिघाड झाला की नूनान सिंड्रोम हा जन्मजात आजार होतो. या आजाराची अनेक कारणं आहेत, त्यातल्या सुमारे निम्म्या रुग्णांत हेच जनुक बिघडलेलं असतं, आणि काही मुलांना शिकताना अडचणी येतात. माशीवरून मुलांना थेट औषध लिहून देता येत नाही, हे उघड आहे. पण शिकण्यातली अडचण नेहमी ‘कमी पडण्या’तूनच येते असं नाही, कधीकधी ती मधल्या वेळेच्या हिशेबातून येते, हे ज्ञान मला दिलासा देणारं वाटतं.

मिनोरू साइतोए यांच्या टोकियोतल्या गटाने २०१८ मध्ये हीच कथा केंद्रकापर्यंत नेली. विश्रांतीच्या काळात ईआरकेमुळे फॉस आणि क्रेब ही दोन प्रथिनं एकमेकांची जनुकं आळीपाळीने वाचायला लावतात. फॉस क्रेब वाढवतं, क्रेब फॉस. प्रत्येक विश्रांतीत या चक्राला आणखी एक फेरी मिळते. मश्रूम बॉडीतल्या ज्या मोजक्या पेशींत हे चक्र फिरतं, त्याच पेशी पुढे त्या आठवणीच्या धनी होतात.

एकदा लिहून भागत नाही

जनुक वाचायचं, तर आधी ते उघडं असावं लागतं. डीएनए हिस्टोन या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. घट्ट गुंडाळलेलं जनुक वाचता येत नाही. क्रेब एकटं पुरत नाही, त्याच्याबरोबर सीबीपी नावाचं सहायक प्रथिन लागतं. ते हिस्टोनवर अॅसिटिल गट चढवतं, गुंडाळी सैल होते आणि वाचन सुरू होतं.

आठवण बसली की हा खटाटोप संपतो, असा समज होता. २०१६ साली युकिनोरी हिरानो, साइतोए आणि सहकाऱ्यांनी मश्रूम बॉडीच्या पेशींत दिवसागणिक काय घडतं ते तपासलं आणि तो समज मोडला. आठवण तयार होताना क्रेब आणि सीबीपी ही जोडी लागते. पहिल्या काही दिवसांत आठवण टिकवण्यासाठी क्रेबला साथीदार बदलावा लागतो. सीबीपीची जागा सीआरटीसी हे प्रथिन घेतं. त्यानंतर क्रेबचीही गरज संपते आणि ‘बीएक्स’ हे वेगळंच नियामक प्रथिन कारभार हाती घेतं. बीएक्सला पहिल्यांदा वर आणतं ते क्रेबच. पुढे ते क्रेबवाचून चालू राहतं.

यातून आणखी एक गोष्ट निघाली. क्रेब आणि सीआरटीसी ही जोडी कामावर असेपर्यंत आठवण पुसता येते. माशीला तोच वास झटक्याविना पुन्हा पुन्हा दिला तर तिची भीती उतरते. जोडीचा काळ संपला की तसं करूनही भीती उतरत नाही. प्रयोगकर्त्यांनी कृत्रिमपणे ती जोडी जास्त दिवस कामावर ठेवली, तर पुसता येण्याचा काळही लांबला. वेदनादायी आठवणींनी पछाडलेल्या माणसांवर उपचार करणाऱ्यांसाठी या प्रश्नाचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

कुठल्या पेशींत हे घडतं, यावर मात्र शास्त्रज्ञांत खरा वाद झाला. २०१२ साली तैवानमधल्या अॅन-शीन च्यांग यांच्या गटाने एरंडाच्या बीमधलं रायसिन हे विष तापमानाच्या कळीवर चालेल अशा रूपात वापरलं आणि मोजक्याच पेशींत प्रथिननिर्मिती बंद पाडली. त्यांच्या निकालानुसार नव्या प्रथिनांची गरज होती ती मश्रूम बॉडीबाहेरच्या ‘डीएएल’ नावाच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पेशींत. इतर प्रयोगशाळांना मश्रूम बॉडीतही जनुकवाचन आवश्यक असल्याचे पुरावे मिळत राहिले. आठवण मेंदूत एकाच जागी बसत नाही, ती पेशींच्या जाळ्यात वाटली जाते, असं धरलं तर दोन्ही बाजूंचे निकाल समजून घेता येतात.

केंद्रकापासून चेतासंधीपर्यंत

एका चेतापेशीच्या असंख्य चेतासंधी असतात, केंद्रक मात्र एकच. केंद्रकातून निघालेला आदेश सगळ्या पेशीभर जातो. मग ज्या चेतासंधींनी वास आणि झटका यांची गाठ पाहिली, नेमक्या त्याच बदलतात आणि बाकीच्या नाहीत, हे कसं?

याचं उत्तर जनुकीय नियमनाच्या दुसऱ्या टप्प्यात आहे. जनुकाची नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए, चेतासंधींपर्यंत पाठवली जाते, पण तिथे ती दडपून ठेवलेली असते. जिथे अनुभवाची खूण उमटली आहे तिथेच ती वाचून प्रथिन बनतं. या स्थानिक वाचनाचा एक कळीचा नियामक माशीत ‘ओर्ब-२’ नावाचं प्रथिन आहे. २००७ साली व्हिएन्नातल्या क्रिस्टिना केलेमान, बॅरी डिक्सन आणि सहकाऱ्यांनी ते दाखवलं, आणि तेही वेगळ्याच आठवणीतून. आधीच समागम झालेली मादी दुसऱ्या नराला झिडकारते. कित्येक तास झिडकारला गेलेला नर हे लक्षात ठेवतो आणि पुढे अशा माद्यांच्या मागे कमी लागतो. ओर्ब-२चा ग्लुटामिनने भरलेला एक तुकडा काढून टाकला, तर नर शिकतो, पण दुसऱ्या दिवशी विसरलेला असतो.

तो तुकडा विलक्षण आहे. कँडेल यांच्याबरोबर समुद्री गोगलगायीच्या याच घराण्यातल्या प्रथिनावर काम करताना कौशिक सी यांच्या लक्षात आलं होतं, की अशा तुकड्यामुळे प्रथिन एक आकार घेतं आणि शेजारच्या प्रथिनांनाही तोच आकार घ्यायला लावतं. असे प्रथिनांचे धागे बनतात आणि टिकून राहतात. प्रथिनं झिजत असताना आठवण कशी टिकते, या जुन्या कोड्याचं एक सुंदर उत्तर इथे मिळतं. जुनं प्रथिन गेलं तरी नवं येऊन त्याच धाग्यात त्याच आकाराने बसतं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या स्टॉवर्स इन्स्टिट्यूटमध्ये अमिताभ मजुमदार, कौशिक सी आणि सहकाऱ्यांनी ओर्ब-२मध्ये असा बदल केला, की धागे बनण्यात अडथळा यावा. त्या माश्यांची आठवण तयार झाली, पण सुमारे दोन दिवसांनंतर टिकली नाही. २०२० मध्ये कौशिक सी यांच्या गटाने लक्षावधी माश्यांच्या डोक्यांतून हे धागे वेगळे केले आणि त्यांची रचना जवळजवळ अणूअणूच्या पातळीवर पाहिली. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे प्रथिनांचे धागे याच जातकुळीचे असतात, पण ओर्ब-२चे धागे पेशी स्वतः, गरजेपुरते आणि गरजेच्या जागी बनवते.

मजुमदार पुढे पुण्यात नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये आले. ओर्ब-२ला योग्य आकार घ्यायला कुठली प्रथिनं मदत करतात, याचा शोध त्यांच्या प्रयोगशाळेत घेतला जातो. धागा बनला नाही तर आठवण जाते आणि नको तिथे बनला तर पेशीला धोका, म्हणून हा प्रश्न नाजूक आहे, आणि तो पुण्यात सोडवला जातो आहे याचा आनंद आहे.

लक्षात ठेवणं फुकट नसतं

इतक्या तपासण्या कशासाठी? एका झटक्यासरशी सगळं कायमचं का लक्षात राहू नये? फ्रेडेरिक मेरी आणि ताडेउश कावेत्स्की यांनी २००५ साली याचं उत्तर देणारा प्रयोग केला. माश्यांच्या एका गटात दीर्घकालीन स्मृती घडवली, दुसऱ्यात लागोपाठच्या शिकवण्यांची आठवण. मग सगळ्यांना अन्नपाण्यावाचून ठेवलं. दीर्घकालीन स्मृती घडवलेल्या माश्या लवकर मेल्या. दुसऱ्या गटावर असा परिणाम दिसला नाही. नवी प्रथिनं बनवण्यासाठी शरीराला खरोखरच किंमत मोजावी लागते.

ही किंमत मेंदूला ‘ठाऊक’ असते, हे २०१३ साली पॅरिसमधल्या पियेर-इव्ह प्लासे आणि तोमा प्रेआ यांच्या प्रयोगातून दिसलं. उपाशी माशीचा मेंदू अप्रिय अनुभवांची दीर्घकालीन स्मृती बनवायची यंत्रणाच बंद करतो, आणि ती बळजबरीने चालू ठेवली तर माशी लवकर मरते. अन्नाशी निगडित शिकणं मात्र वेगळ्या नियमाने चालतं. उपाशी माशीला वासाबरोबर साखर दिली, तर एकाच शिकवणीत दीर्घकालीन स्मृती तयार होऊ शकते. कशासाठी खर्च करायचा, हे पोटाची अवस्थाही ठरवते.

म्हणून दीर्घकालीन स्मृतीकडे मी एक निर्णय म्हणून पाहतो. अनुभव येतात आणि जातात, बहुतेक विरून जाणं हेच सर्वसाधारण आहे. त्यातला एखादा पुन्हा पुन्हा, मध्ये अवकाश ठेवून येतो, म्हणजे तो योगायोग नसून या जगाचा नियम असावा. जनुकांपर्यंत जायचा खर्च अशाच अनुभवासाठी परवडतो. क्रेब, ईआरके, सीबीपी, ओर्ब-२ हे त्या निर्णयातले वेगवेगळे टप्पे आहेत, आणि प्रत्येक टप्प्यावर पेशी ‘नाही’ म्हणू शकते.

हेच टप्पे माणसातही आहेत. सीबीपीचं जनुक बिघडलं की रुबिनस्टाइन–टेबी सिंड्रोम होतो आणि बौद्धिक वाढीवर परिणाम होतो, हे १९९५ साली कळलं. हाच बिघाड असलेल्या उंदरांची स्मृतीही कच्ची असते, आणि सायक्लिक एएमपी मोडणारं विकर रोखणाऱ्या औषधाने ती काही अंशी सुधारल्याचे प्रयोग आहेत. ते विकर म्हणजे १९७६ साली सापडलेल्या ‘डन्स’चंच सस्तन प्राण्यांतलं भावंड. एका ‘ढ’ माशीपासून सुरू झालेलं काम तीन दशकांच्या आत औषधांच्या शोधापर्यंत पोचलं.

२०२४ साली प्रौढ मादी फळमाशीच्या पूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला. सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशी आणि त्यांच्यातल्या पाच कोटींहून अधिक चेतासंधी त्यात आहेत. कुठली पेशी कुणाशी जोडलेली आहे, हे आता पाहता येतं. पण शिकवणीनंतरच्या पहिल्या विश्रांतीत, पाचव्या विश्रांतीत, तिसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी त्यातल्या कुठल्या पेशीत कुठलं जनुक वाचलं जात होतं, हे त्या नकाशात नाही. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांपुढे आता हेच काम आहे: जोडण्यांच्या या नकाशावर जनुकांचा वेळ मांडणं. ते जमलं की एखाद्या मुलाला शिकवताना किती थांबावं आणि एखाद्या रुग्णाची भीती उतरवायला किती दिवस हातात आहेत, या प्रश्नांना अंदाजापलीकडची उत्तरं शोधता येतील.